वजनाचे ऑपरेशन : दहा वर्षांनंतर काय?

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनच्या जाहिरातीत 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो असतात. 'नंतर'चा फोटो कितव्या वर्षीचा, हे मात्र कोणी छापत नाही. आम्हाला त्याविषयीच बोलायचे आहे, कारण कर्ज काढून हे ऑपरेशन करण्याचा विचार आता साध्या घरांतही होतो.

ऑपरेशन फसवे आहे असे आम्ही म्हणणार नाही. स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांवर लठ्ठ माणसांची पाहणी झाली. ऑपरेशन केलेले लोक न केलेल्यांपेक्षा सुमारे तीन वर्षे जास्त जगतात, असे २०२० साली दिसून आले. पण मधुमेहाचे पाहा. दोन वर्षांनी शंभरांतील ७२ मधुमेहींची साखर ताब्यात आली होती, दहा वर्षांनी तसे ३६ च उरले. साखर गेली म्हणून तपासणी सोडणे बरे नव्हे.

बायपासमध्ये जठराची लहान पिशवी करून ती थेट खालच्या आतड्याला जोडतात. लोह आणि कॅल्शियम जिथे जास्त शोषले जाते, तो वरचा भाग वाटेतून सुटतो. जठर कापून नळीसारखे केले तरी बी-१२ कमी पडते. मग अंगात रक्त कमी होते, हातापायांना मुंग्या येतात, हाडे ठिसूळ होतात. आपल्या देशात निम्म्याहून जास्त बायकांना रक्त आधीच कमी! म्हणून गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात आणि दरवर्षी रक्त तपासावे लागते. हॉस्पिटलच्या बिलात हा खर्च नसतो. तो महिन्याच्या हिशेबात धरूनच काय ते ठरवावे.

कंबर दुखली की दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणण्याची आपल्याकडे सवय आहे. बायपास झालेल्याला त्याने जोडावर अल्सर होऊ शकतो, बिडी-सिगारेटनेही होतो. दारूचे तर विचारूच नका. ती लवकर चढते आणि काहींना ऑपरेशननंतरच तिचे व्यसन लागते. घरच्या कर्त्या पुरुषाचे ऑपरेशन असेल तर बायकोने डॉक्टरांसमोर हे बोलून घ्यावे, लाजू नये.

तरुण सुनेचे ऑपरेशन झाले असेल तर वर्ष-दीड वर्ष मूल होऊ देऊ नये. उलट्या थांबत नसतील तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका. बी-१ संपले की मेंदूला इजा होते. आणि ऑपरेशनचा कागद प्रवासातही जवळ ठेवा. बायपासला कितीही वर्षे झाली असली तरी आतडे आत अडकून पोटात एकाएकी जोराची कळ येऊ शकते, तेव्हा गावच्या डॉक्टरांना तो कागद आधी दाखवा.