सोन्याची साक्ष आणि तांब्याची

प्राचीन भारताच्या पश्चिमेशी असलेल्या व्यापाराचा विषय निघाला की साहित्याच्या अभ्यासकाची दृष्टी प्रथम ‘दीनारा’कडे वळते. लॅटिन ‘देनारियुस’ हे मुळात रुप्याचे नाणे. संस्कृतात मात्र हा शब्द सोन्याच्या नाण्याचा वाचक झाला. द्वितीय चंद्रगुप्ताच्या काळातील सांचीच्या शिलालेखात (इ. स. ४१२-१३) २५ दीनारांच्या दानाची नोंद आहे. लेखाला दान नोंदवायचे असते आणि कथेला वैभव सांगायचे असते. म्हणून दोहोंच्या स्मरणात सोने टिकते.

६व्या शतकातील कॉस्मास या ग्रीक लेखकाने सिंहलद्वीपाच्या राजसभेतील एक प्रसंग सांगितला आहे. सोपात्रोस नावाच्या व्यापाऱ्याने रोमन सुवर्णनाणे इराणी रुप्याच्या नाण्याशेजारी ठेवून आपल्या सम्राटाची थोरवी सिद्ध केली, अशी ती कथा. तीत तांब्याला स्थान नाही. परंतु त्याच बेटाच्या मातीतून ४थ्या-५व्या शतकांतील रोमन कांस्यनाणी हजारोंनी निघाली. तमिळनाडूत करूर व मदुराई येथेही ती सापडली. नखाएवढी, झिजलेली, कित्येकदा ग्रॅम-दोन ग्रॅम वजनाची ही नाणी. सिंहलद्वीपात तर त्यांच्या स्थानिक नकलाही झाल्या. नक्कल होते ती चालणाऱ्या नाण्याची. तेव्हा ही नाणी केवळ कुतूहलाची वस्तू नव्हती. तिथल्या बाजाराला सुट्या पैशाची गरज होती आणि ती त्यांनी भागवली, असे मानणेच युक्त होय.

साहित्याचे मौन हा अभावाचा पुरावा नव्हे, हे सूत्र अभ्यासक तोंडाने मान्य करतात. समाजचित्र रेखाटताना मात्र विसरतात. या बाबतीत बोलीची स्मृती ग्रंथांहून अधिक उदार असते. ग्रीक ‘द्राख्मे’पासून आलेला द्रम्म शिलाहारांच्या लेखांत आहे आणि भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील (इ. स. ११५०) कोष्टकातही आहे. मराठीत दीनार पोथीतच राहिला. द्रम्माचा मात्र दाम झाला, दमडी झाली, आणि चमडीशी यमक जुळवून ती म्हणीत जाऊन बसली.

नदीपात्रांतून निघालेली कांस्यनाणी पुष्कळदा थेट संग्राहकांकडे जातात आणि त्यांचे स्थळ नोंदले जात नाही. स्थळ हरवलेले नाणे म्हणजे प्रसंग हरवलेले सुभाषित: वाचता येते, पण कोणी कोणास उद्देशून म्हटले ते कळत नाही. पाठचिकित्सेत एका अक्षरासाठी झगडणाऱ्या अभ्यासकांनी या हानीविषयीही तितकेच जागरूक असावयास हवे. राजसभेतील कथा ग्रंथांनी जपली. बाजारातील व्यवहाराची साक्ष या झिजलेल्या तांब्यावाचून दुसरे कोण देणार?