न मिळालेले पदक



शूर पुरुषांच्या कथा आपल्या घरातील मुलांना सांगाव्यात असे आपणां सर्वांस वाटते. परंतु शौर्य म्हणजे नेमके काय, हे त्यांस सांगण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी स्वतःशी ठरविलेले बरे. किती शत्रू मारले यावरून वीराची थोरवी मोजावी, की किती माणसे सुखरूप घरी आणली यावरून? आज ज्याची हकिकत सांगावयाची आहे, त्या पुरुषाकडे दोन्ही मापे होती. आणि त्यांपैकी कोणते आपले, हे त्याने स्वतःच निवडले.

यूजीन फ्लकी याचा जन्म 5 ऑक्टोबर 1913 रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन शहरी झाला. 1935 साली तो अमेरिकेच्या आरमारी विद्यालयातून पदवीधर झाला आणि पुढे पाणबुड्यांवर रुजू झाला. 1944 च्या एप्रिल महिन्यात ‘बार्ब’ नावाच्या पाणबुडीचे आधिपत्य त्याच्याकडे आले. पाणबुडी म्हणजे सुमारे 95 मीटर लांबीची एक लोखंडी नळी. तिच्यात जवळजवळ ऐंशी माणसे आठवड्यामागून आठवडे दाटीवाटीने राहत. पाण्याखाली असताना ती विजेच्या बॅटरीवर चाले, आणि बॅटरी संपत आली म्हणजे रात्रीच्या काळोखात वर येऊन डिझेल यंत्रांनी ती भरून घ्यावी लागे. वरून शत्रूचे सुरुंग पडू लागले, की आत मुकाट बसून राहण्यावाचून उपाय नसे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या 52 पाणबुड्या नष्ट झाल्या आणि साडेतीन हजारांच्या आसपास माणसे त्यांच्यासह गेली. या सेवेत गेलेल्या प्रत्येक पाच जणांपैकी सुमारे एक जण परत आला नाही.

अशा सेवेत फ्लकीने जे केले ते सैनिकी दृष्टीने थक्क करणारे आहे. 1945 च्या जानेवारीत चीनच्या किनाऱ्यावरील नामक्वान बंदरात शत्रूची तीसहून अधिक जहाजे नांगर टाकून असल्याचे त्यास आढळले. पाणी इतके उथळ, की तेथे बुडी मारणे अशक्य. परतीची वाट खडकांची, सुरुंगांची आणि नकाशात न नोंदलेली. तीही पूर्ण वेगाने तासभर कापावयाची. तरीही रात्री पृष्ठभागावरूनच तो आत शिरला, पाणतीर सोडले आणि सर्वांना घेऊन बाहेर पडला. या कामगिरीबद्दल त्याला ‘मेडल ऑफ ऑनर’ हा अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला. त्याखेरीज ‘नेव्ही क्रॉस’ हे पदक त्याने चार वेळा मिळविले. युद्धानंतरच्या अधिकृत हिशेबाप्रमाणे ‘बार्ब’ने आपल्या साऱ्या कारकिर्दीत 17 जहाजे बुडविली.

ही झाली पदकांची बाजू. आता दुसरी बाजू पाहू.

1944 च्या सप्टेंबर महिन्यात सिंगापूरहून जपानी जहाजांचा एक काफिला निघाला. त्यातील ‘राकुयो मारू’ या जहाजावर सुमारे 1,300 ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन युद्धकैदी कोंबलेले होते. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या बांधकामावर राबून हाडांचे सापळे झालेले हे लोक. त्या रेल्वेने बारा हजारांहून अधिक युद्धकैद्यांचे, आणि त्याहून कितीतरी पट अधिक आशियाई मजुरांचे प्राण घेतले. त्या मजुरांत मलायाच्या रबर-मळ्यांतून नेलेले आपले तमिळ बांधवही पुष्कळ होते. जहाजावर आत कैदी आहेत याचे कोणतेही चिन्ह नव्हते. 12 सप्टेंबर रोजी ‘सीलायन’ या अमेरिकन पाणबुडीने ते बुडविले. जपानी जहाजांनी प्रथम आपली माणसे उचलली आणि कैद्यांना समुद्रात सोडून दिले. मित्रांच्याच हातून मित्र मारले गेले! युद्धाचे याहून उघडे रूप कोणते असेल?

तीन दिवसांनी ‘पॅम्पॅनिटो’ ही पाणबुडी त्याच भागातून जात असता तिला लाकडांच्या तराफ्यांवर तेलाने माखलेली माणसे दिसली. खरा प्रकार तेव्हा कळला. ‘पॅम्पॅनिटो’ने 73 आणि ‘सीलायन’ने 54 जणांना उचलले. त्या छोट्या होड्यांत अधिक माणसे मावेनात, तेव्हा शेकडो मैलांवरील ‘बार्ब’ आणि ‘क्वीनफिश’ यांना साहाय्यासाठी निरोप गेला.

वाटेत, 16 सप्टेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास, फ्लकीस दुसरा एक काफिला आडवा आला आणि त्यात एक विमानवाहू जहाज होते! एखाद्या कप्तानाच्या साऱ्या आयुष्यात अशी संधी एकदाही येत नाही. तेलवाहू जहाज आणि विमानवाहू जहाज एकामागे एक दिसतील असा कोन साधून त्याने सहा पाणतीर सोडले. ‘उन्यो’ हे विमानवाहू आणि ‘अझुसा मारू’ हे तेलवाहू, दोन्ही बुडाली. त्यांच्यावरही शेकडो माणसे होती, त्यांनाही घरी वाट पाहणाऱ्या आया होत्या, हे आपण ख्रिस्ती माणसांनी विसरता कामा नये.

उरलेल्या काफिल्याचा पाठलाग करून आणखी कीर्ती मिळविण्याचा मार्ग खुला होता. परंतु पाण्यात माणसे होती आणि तो त्यांच्याकडे वळला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे जहाज बुडाल्यापासून पाचव्या दिवशी, ‘बार्ब’ तेथे पोहोचली. तराफ्यांवरच्या लोकांत दोरी धरण्याचेही त्राण उरले नव्हते, म्हणून खलाशांनी स्वतः समुद्रात उड्या टाकल्या. ‘बार्ब’ने 14 आणि ‘क्वीनफिश’ने 18 जण वर घेतले. मग वादळ उठले आणि शोध थांबवावा लागला. चारही पाणबुड्यांनी मिळून 159 माणसे उचलली. त्यांतील काही पुढे वाटेतच दगावली. त्या एका जहाजावरील कैद्यांपैकी हजाराहून अधिक जण परत आले नाहीत. एक दिवसाचा उशीर झाला असता, तर हे शेवटचे बत्तीस जणही वादळाच्या तोंडी गेले असते.

आपल्या माणसांविषयीही त्याची हीच वृत्ती होती. 23 जुलै 1945 च्या रात्री कराफुतो बेटावरील लोहमार्ग उडविण्यासाठी त्याने आठ जणांस रबरी होड्यांतून किनाऱ्यावर धाडले. निवड करताना शक्यतो अविवाहितच घ्यावेत असे त्याने ठरविले होते. मागे कोणाची बायकापोरे उघडी पडू नयेत, हा त्यातील हेतू. रुळांखाली असा विजेचा खटका बसविला, की गाडीच्याच भाराने सुरुंग उडावा. स्फोट झाला तेव्हा आठही जण होड्या वल्हवीत परतत होते. एकालाही इजा झाली नाही.

अमेरिकेत युद्धात जखमी झालेल्यास वा पडलेल्याच्या कुटुंबास ‘पर्पल हार्ट’ नावाचे पदक देतात. फ्लकीच्या हाताखाली लढलेल्या एकाही माणसावर ते घेण्याचा प्रसंग आला नाही. स्वतःच्या छातीवरील पदकांपेक्षा हे न मिळालेले पदकच त्याला अधिक अभिमानाचे वाटे.

1972 साली रिअर ॲडमिरल या पदावरून तो निवृत्त झाला. त्यानंतर काही वर्षे पत्नी मार्जोरीसह त्याने पोर्तुगालमध्ये अनाथालय चालविले. 28 जून 2007 रोजी, वयाच्या 93 व्या वर्षी, त्याने देह ठेवला. ‘बार्ब’ 1954 साली इटलीच्या आरमारास देण्यात आली होती आणि तिला ‘एन्रिको तात्सोली’ हे नाव मिळाले होते. हे नाव एका कॅथलिक धर्मगुरूचे! मातृभूमीच्या स्वातंत्र्यासाठी झटल्याबद्दल ऑस्ट्रियन सत्तेने 1852 साली त्यांस फाशी दिली होती.

वाचकहो, आपल्यापैकी फार थोड्यांच्या वाट्यास रणांगण येईल. परंतु घरधनी असो, शाळामास्तर असो, बैलगाडीचा वा मोटारीचा सारथी असो, प्रत्येकाच्या हाती कोणाचा ना कोणाचा जीव असतो. कामाची घाई, लाभाचा मोह आणि पाण्यात पडलेला शेजारी ही तिन्ही एकाच वेळी समोर येतात. यरीहोच्या वाटेवर जखमी पडलेल्या वाटसरूला ओलांडून जाणाऱ्या दोघांनाही काही महत्त्वाचे काम असेलच. थांबला तो शोमरोनी, आणि प्रभूने नाव काढले ते त्याचेच. आज संध्याकाळी कुटुंबप्रार्थनेस बसताना आपण कोणाकडे वळावयाचे राहून गेलो आहोत, याचा ज्याने त्याने आपल्या मनाशी विचार करावा.