शोधनिबंध धाडण्यापूर्वी

सिंधुदुर्गातील वैद्यांच्या संगणकावर अलीकडे एका विशिष्ट प्रकारची निमंत्रणपत्रे नित्य येऊ लागली आहेत. संबोधन गौरवाचे, नियतकालिकाचे नाव 'इंटरनॅशनल' या शब्दाने सुरू होणारे, निबंध आठवड्याच्या आत स्वीकारण्याची हमी, आणि शुल्काचा आकडा अगदी तळाशी. या पत्रांचे काय करावे, अशी विचारणा आमच्याकडे वारंवार होते. त्या निमित्ताने हे विवेचन.

मुक्त प्रकाशनाची कल्पना मुळात आमच्या हिताचीच आहे. संशोधन कोणालाही विनामूल्य वाचता यावे, या विचाराला २००२ साली बुडापेस्टच्या जाहीरनाम्याने निश्चित रूप दिले. मोठ्या ग्रंथालयांपासून दूर चिकित्सा करणाऱ्याला तिचे मोल अधिक. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत सुमारे १३,००० नियतकालिके आली खरी. पण तिचा लाभ सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना आहे. मालवणच्या बाजारपेठेत स्वतःचा दवाखाना चालविणारा वैद्य तिच्या बाहेरच राहतो. त्याच्यासाठी जामनगरचे 'आयु' किंवा २०१० साली बंगळूरहून सुरू झालेले 'जर्नल ऑफ आयुर्वेद अँड इंटिग्रेटिव्ह मेडिसिन' यांचीच दारे उघडी आहेत.

वाचकाने पैसे द्यायचे नाहीत म्हटल्यावर खर्च दुसऱ्या कोणाला तरी उचलावा लागतो. कोठे संस्था उचलते, कोठे लेखकाकडून शुल्क घेतले जाते. शुल्क घेण्यात गैर काही नाही. अनेक नामांकित नियतकालिके ते घेतात. गैर आहे ते शुल्क घेऊन परीक्षण न करणे. २०१३ साली 'सायन्स' या साप्ताहिकासाठी जॉन बोहॅनन या पत्रकाराने याचा प्रत्ययच घेतला. शैलेय, म्हणजे आपल्या मालवणी मसाल्यातले दगडफूल, ज्या वर्गात मोडते त्या वर्गातील द्रव्याने कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखली जाते, असा बनावट निबंध मुद्दाम ढोबळ चुका ठेवून त्याने ३०४ मुक्त नियतकालिकांकडे धाडला. १५७ जणांनी तो स्वीकारला! उद्या असाच कागद एखाद्या औषधाच्या जाहिरातीत आधार म्हणून आला, तर आपल्यापैकी किती जण तो ओळखतील?

हा व्यवहार परदेशापुरता नाही. हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशनसंस्थेला लेखकांची फसवणूक केल्याबद्दल २०१९ साली अमेरिकेतील न्यायालयाने ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची सूची केली, तेव्हा तीतही अशी नावे शिरली. डॉ. भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये तिचे विश्लेषण प्रसिद्ध केले. विद्यापीठांनी सुचविलेल्या ज्या नियतकालिकांची छाननी त्यांनी केली, त्यांपैकी सुमारे ८८ टक्के निकृष्ट ठरण्याजोगी निघाली. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नावे वगळली, आणि पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या साहाय्याने 'केअर' सूची तयार झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली. निवडीचा भार आता संस्थांवर व लेखकांवर आहे. आमच्या मते हे अंगावर आले ते बरेच झाले. सूचीत नाव आहे एवढ्यावर विसंबून निबंध न वाचण्याची सवय आपल्याला लागली होती.

औषधनिर्मात्यांना हा विषय प्राध्यापकांचा वाटेल. तसे नाही. २०१० साली औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत १५८-ब हा नियम आला, आणि काही वर्गांतील आयुर्वेदीय औषधांच्या परवान्यासाठी प्रकाशित साहित्याचा पुरावा लागू लागला. पुरावाच खोटा असेल तर त्याचे परिणाम शेवटी रुग्णाच्या पदरी पडतात. कोकमाचेच पाहा. कोकमाची दाक्षिणात्य भगिनी गार्सिनिया कंबोजिया हिच्या अर्काने मेद घटतो असा बोलबाला असताना १९९८ साली 'जामा'मध्ये १३५ स्थूल व्यक्तींवरील बारा आठवड्यांचे परीक्षण आले. अर्क घेणारे आणि न घेणारे यांच्या वजनात लक्षणीय फरक आढळला नाही. आपल्या किनाऱ्यावरील कोकम ही निराळी जाती. तिच्याविषयी काही सांगायचे तर तिच्यावरच काम झाले पाहिजे.

परीक्षा कशी करावी? चरकाच्या विमानस्थानातील आठवा अध्याय शास्त्राच्या परीक्षेनेच आरंभतो, आणि त्याच अध्यायात तद्विद्यसंभाषेचा विचार आहे. निबंधाचे परीक्षण म्हणजे दुसरे काय? अशोकाची साल म्हणून आसुपालवाची साल कोणी आणली तर आपले फार्मसीचालक ती परत करतात. नियतकालिकाच्या बाबतीतही तोच चोखंदळपणा हवा. आयएसएसएन हा केवळ नोंदणीक्रमांक आहे, गुणवत्तेचा शिक्का नव्हे. संपादक मंडळात ज्यांची नावे छापली आहेत त्यांना त्याची वार्ता आहे काय, हे एका पत्राने कळते. रुग्णांवरील औषधपरीक्षणाला भारतीय नोंदवहीचा, म्हणजे सीटीआरआयचा, क्रमांक आहे काय, हेही पाहावे. 'डीओएजे' या मुक्त नियतकालिकांच्या सूचीत नाव असणे ही जमेची बाजू. मात्र संकेतस्थळ साधे आहे किंवा संपादक भारतीय आहेत म्हणून कोणाला हिणवू नये. अशा घाईत प्रामाणिक पण गरीब नियतकालिकेही बदनाम होतात.

आम्हाला सर्वांत भरवशाची वाटते ती जुनीच रीत: त्या नियतकालिकाचे मागील तीन निबंध काढून वाचावेत. वनस्पतीचे नाव व उपयोगात आणलेले अंग, मात्रा, अनुपान, रुग्णसंख्या, निष्फळ ठरलेल्या रुग्णांची नोंद, यांपैकी काहीच आढळले नाही तर तेथे आपला निबंध धाडू नये, आणि तेथील निबंधाच्या आधारावर औषधही घेऊ नये.

पदोन्नतीसाठी निबंधांची संख्या मोजणाऱ्या महाविद्यालयांविषयी लिहावे तेवढे थोडे. तरुण अध्यापकांपेक्षा दोष आम्ही त्या मोजदादीला देतो. तूर्त प्रत्येक तालुका शाखेने मासिक सभेतील अर्धा तास एका मुक्त निबंधाच्या वाचनाला द्यावा, असे आम्ही सुचवितो. प्रारंभ कोकमावरील एखाद्या निबंधाने करण्यास हरकत नाही. सावंतवाडीच्या आयुर्वेद महाविद्यालयातील अध्यापक त्या सभेस आले, तर अधिक उत्तम.