निमंत्रणाची यादी कोण करतं?

बायका जमतात, खातात-पितात, गप्पा मारतात आणि घरी जातात. त्यात कुणाचं काय बिघडतं, असं म्हणणाऱ्यांना मला सरळ उत्तर द्यायचं आहे. बिघडतं. पुष्कळ बिघडतं. मी ज्या गावात राहते तिथे कुणाच्या मुलाला चांगल्या शिकवणीचा पत्ता कळेल, कुणाच्या दुकानाला गिऱ्हाईक लाभेल, कुणाच्या सुनेला शाळेत नोकरी लागेल आणि कुणाच्या घरी मयत झाल्यावर आठवडाभर जेवण पोचेल, हे कुठल्याही सरकारी बैठकीआधी बायकांच्या दुपारच्या जेवणात ठरतं. म्हणून त्या जेवणाला कुणाला बोलावलं जातं आणि कुणाला कधीच बोलावलं जात नाही, हा गावातला सगळ्यांत मोठा राजकीय प्रश्न आहे.

गाव अमेरिकेच्या दक्षिणेतलं, जॉर्जिया राज्यातलं. मधोमध कोर्टाची इमारत, तिच्यासमोर चौथऱ्यावर दगडी सैनिक, भोवती दुकानं आणि दर दोन वळणांवर एक चर्च. पुरुषांची कामं संपली की पुरुष घरी जातात. गाव खरं चालवतात त्या बायका. गार्डन क्लब, चर्चमधली बायबल मंडळं, बुधवारचं सामुदायिक जेवण, लग्न ठरलेल्या मुलीचं ब्रायडल शॉवर, बाळ यायच्या आधीचं बेबी शॉवर. टेबलावर पिमेंटो चीजचे कडा कापलेले सँडविच, साखर घातलेला गार चहा, डेव्हिल्ड एग्जसाठी खळगे पाडलेली खास काचेची ताटली. कॅसरोलच्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून मालकिणीचं नाव लिहिलेलं असतं, म्हणजे भांडं ज्याचं त्याला परत जावं. कुणाकडून काय आलं, कुणाचं भांडं परत करायचं राहिलं, पुढच्या खेपेला कुणाकडे काय पाठवायचं, हा हिशेब या बायकांना तोंडपाठ असतो. माझं ऑपरेशन झालं तेव्हा आमच्या दारातही अशी भांडी आली. ती माया खरी होती आणि ती मी विसरणार नाही. पण मायेची वाट कुठल्या दारापर्यंत जाते आणि कुठल्या रस्त्यापाशी थांबते, हे बघायला मला कुणी बंदी घातलेली नाही.

जॉर्जियात जवळपास तीनातला एक माणूस कृष्णवर्णीय आहे. आमच्या गावात त्याहून जास्तच. आणि तरीही या दुपारच्या जेवणांमध्ये मला ज्या कृष्णवर्णीय बायका दिसल्या, त्या ताटं उचलणाऱ्या होत्या. मला बोलावतात, कारण मी डॉक्टरची बायको आहे, साडी नेसून येते आणि समोसे करून आणते. माझ्या घराला लागून राहणाऱ्या नर्सबाई याच गावात जन्मल्या, इथल्या निम्म्या म्हाताऱ्यांची त्यांनी शुश्रूषा केली, त्यांच्या चार पिढ्या इथल्या मातीत पुरल्या आहेत. त्यांना बोलावत नाहीत. मी यजमीणबाईंना विचारलं, यांना का नाही सांगितलं? त्या गोड हसल्या, माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हनी, त्यांचं त्यांचं असतं, आमचं आमचं. आणि जेवताना राजकारण नको, बरं का."

जेवताना राजकारण नको. या एका वाक्याइतकं राजकीय वाक्य मी आयुष्यात ऐकलेलं नाही. ज्यांनी यादी केली त्यांना ती यादी निसर्गानेच दिल्यासारखी वाटते. तिच्याबद्दल विचारणारी बाई तेवढी राजकारणी आणि असभ्य ठरते. सभ्यतेचा इतका निर्लज्ज वापर दुसरा नसेल.

या गावातल्या बायकांच्या आज्या-पणज्यांनी चहा आणि केक यांच्या जोरावर काय करून दाखवलं, ते बघा. 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेची राज्यं, म्हणजे कॉन्फेडरसी, हरली. पुढे 1894 मध्ये नॅशव्हिल इथे 'युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी' ही बायकांची संघटना निघाली आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिच्या सभासद लाखाच्या घरात गेल्या. त्यांना अजून मताधिकार नव्हता. तो अमेरिकेत 1920 साली आला. पण त्यांनी विक्रीचे मेळे भरवले, चहापानं ठेवली, वर्गणी जमवली आणि गावोगावच्या कोर्टांसमोर हरलेल्या फौजेचे पुतळे उभे केले. ज्या दारातून कृष्णवर्णीय माणसाला न्याय मागायला आत जायचं होतं, त्याच दारासमोर.

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. याच जॉर्जियातल्या अथेन्स गावच्या मिल्ड्रेड रदरफोर्ड या शिक्षिका संघटनेच्या इतिहास-प्रमुख होत्या. पाठ्यपुस्तकं कोणत्या मापाने मोजायची, याची पुस्तिकाच त्यांनी काढली. दक्षिणेने गुलाम राखण्यासाठी युद्ध केलं असं जे पुस्तक म्हणेल ते नाकारायचं, गुलामांच्या मालकांना जे क्रूर म्हणेल तेही नाकारायचं. पिढ्यान् पिढ्या मुलं ती खोटी पुस्तकं वाचून मोठी झाली. अटलांटाजवळच्या स्टोन माउंटनवर आज आपली मराठी कुटुंबं सुट्टीत चढायला जातात, डबे सोडतात, फोटो काढतात. त्या डोंगराच्या कड्यावर कॉन्फेडरसीचे तीन पुढारी घोड्यांवर कोरलेले आहेत. ती कल्पना पुढे रेटणाऱ्या हेलन प्लेन याच संघटनेच्या. 1915 मध्ये त्यांनी शिल्पकार बोलावला आणि त्याच वर्षी त्याच डोंगरावर क्रॉस पेटवून कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्यांची हिंसक संघटना पुन्हा उभी राहिली. कोरीवकाम 1972 पर्यंत चाललं. बायकांच्या जमण्याला निरुपद्रवी म्हणणाऱ्यांनी त्या डोंगराखाली उभं राहून ते पुन्हा म्हणावं.

आणि त्याच दक्षिणेत, तसल्याच चर्चच्या खोल्यांमधून, तसलीच भांडी मांडून दुसऱ्या बायकांनी उलट करून दाखवलं. कृष्णवर्णीयांना झुंडीने फासावर लटकवण्याचं समर्थन तेव्हा मुख्यतः एकाच सबबीवर चाले: गोऱ्या बायकांची अब्रू. 1930 मध्ये अटलांटात जेसी डॅनियल एम्स या विधवा बाईने गोऱ्या बायकांना जमवलं आणि ती सबबच काढून घेतली. आमच्या नावाने खून करू नका, असं या बायकांनी जाहीर केलं. मेथडिस्ट चर्चच्या महिला मंडळांचं जाळं हाताशी होतं. त्यातून त्यांनी चाळीस हजारांहून जास्त सह्या गोळा केल्या, गावोगावच्या शेरीफांकडून वचनं लिहून घेतली, कुठे झुंड जमतेय कळलं की फोनवर फोन केले. पण या संघटनेतही कृष्णवर्णीय बायकांना सभासदत्व नव्हतं, आणि झुंडबळीविरुद्ध केंद्राचा कायदा करायला एम्सबाईंनी विरोध केला. धैर्य होतं, पण यादी तीच राहिली.

लिटल रॉकचंही तसंच. गोऱ्या मुलांशेजारी कृष्णवर्णीय मुलं बसू नयेत म्हणून 1958 मध्ये आर्कान्सॉच्या गव्हर्नरने शहरातली हायस्कुलंच बंद केली. पुरुष पुढारी गप्प बसले. पंचाहत्तरी गाठलेल्या अ‍ॅडोल्फीन टेरी यांनी आपल्या घरी बायका जमवल्या, शाळा उघडण्यासाठी समिती काढली, घरोघर फोन फिरवले, आणि पुढच्या मे महिन्यात शाळा मंडळातले तीन वंशभेदी सदस्य मतदानाने घरी बसवले. हे काम करणाऱ्या बायकांना आपली नावं गुप्त ठेवावी लागली. नवऱ्याचा धंदा बुडेल, शेजारी तोंड फिरवतील ही भीती. ती यादी चाळीस वर्षांनी, 1998 मध्ये उघड झाली. ज्यांना वाटतं की दुपारच्या जेवणाच्या यादीतून नाव कटणं ही क्षुल्लक गोष्ट आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि हेही, की ही समितीसुद्धा फक्त गोऱ्या बायकांचीच होती.

ज्यांना कुणीच बोलावलं नाही, त्यांनी आपली टेबलं मांडली, आणि इतिहास तिथे घडला. अलाबामातल्या माँटगोमेरीमध्ये कृष्णवर्णीय शिक्षिकांची 'विमेन्स पोलिटिकल काउन्सिल' 1946 पासून काम करत होती. 1 डिसेंबर 1955 ला बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिला म्हणून रोझा पार्क्स यांना अटक झाली आणि त्याच रात्री या संघटनेच्या जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी कॉलेजच्या यंत्रावर हजारो पत्रकं छापली. सकाळी ती शहरभर वाटली गेली. नेत्यांची सभा नंतर झाली. बसवरचा बहिष्कार 381 दिवस टिकला, आणि तो टिकायला पैसा लागत होता. जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकीणबाईंनी बायका गोळा केल्या, तळलेली कोंबडी, 'पाय' (pie) आणि केक करून विकले आणि आलेली रक्कम सभेत आणून दिली. गोऱ्यांच्या घरी काम करणाऱ्या बायकांची नावं बाहेर पडू नयेत म्हणून मंडळाचं नावच 'क्लब फ्रॉम नोव्हेअर' ठेवलं. पैसा कुठून आला विचारलं तर उत्तर तयार: कुठूनच नाही. तोच केक, तेच पीठ, तीच साखर. एकीने त्यातून दगडी सैनिक उभा केला, दुसरीने त्यातून कायदा बदलवला.

यावर मला काय ऐकवलं जातं तेही सांगते. घर आमचं, बोलवायचं कुणाला ते आम्ही ठरवू. जरूर ठरवा, पण मग शाळेच्या निधीचं, ग्रंथालयाच्या समितीचं आणि रुग्णालयाच्या मदतीचं काम त्या घरात ठरवू नका. सार्वजनिक कारभार खाजगी दिवाणखान्यात न्यायचा आणि जाब विचारला की दाराकडे बोट दाखवायचं, हा लबाडपणा झाला. दुसरं म्हणतात, त्यांनाच आमच्यात यायला आवडत नाही. तुम्ही विचारलं होतंत का? एकदा तरी? नर्सबाईंनी मला सांगितलं की इतक्या वर्षांत त्यांना त्या घरांमधून एकच फोन यायचा: आईला बरं नाही, रात्रीची बसाल का? आजारी आईचं अंग पुसायला ज्या हातांवर विश्वास ठेवता, त्या हातांनी तुमच्या टेबलावरचा चहाचा पेला उचललेला चालत नाही, हे तुम्हाला खटकत नसेल तर तुमच्या रविवारच्या प्रार्थनेला काही अर्थ नाही.

आता आपल्याकडे वळते, कारण इथल्या मराठी बायकांना मी सोडणार नाही. आसपासच्या गावांतून आम्ही संक्रांतीनंतरच्या शनिवारी जमतो. बेसमेंटमध्ये हळदीकुंकू, तिळगूळ, इंडियन स्टोअरमधून आणलेलं वाण, हलव्याचे दागिने. गेल्या खेपेला यजमीणबाईंची आई नाशिकहून सहा महिन्यांसाठी आली होती. बायका यायला लागल्या तशी ती उठली, नातवाला कडेवर घेतलं आणि वर जाऊन बसली. यजमीणबाईंचे वडील गेले होते, म्हणून. कुणी तिला जा म्हटलं नाही, आणि कुणी बस असंही म्हटलं नाही. मी वर जाऊन त्यांना म्हटलं, "मावशी, खाली चला, कुंकू मी लावते." खोलीभर बायकांना मी काहीतरी भयंकर केल्यासारखं वाटलं. एक जण हळूच म्हणाली, "सणाच्या दिवशी वाद कशाला, ताई?" हनी म्हणणाऱ्या बाईचंच ते वाक्य, फक्त शुद्ध मराठीत.

याच देशात पंडिता रमाबाई 1886 मध्ये आल्या, विधवा म्हणून, लहान मुलगी सांभाळत. इथल्या बायकांच्या संस्था, त्यांच्या सभा, त्यांची कामं त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिली आणि 1889 च्या आपल्या मराठी पुस्तकात भरभरून लिहिलं. इथल्या वर्णद्वेषावर टीका करायलाही त्या कचरल्या नाहीत. जोतीराव फुल्यांनी तर 'गुलामगिरी' हे पुस्तक 1873 मध्ये अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांनाच अर्पण केलं. हा वारसा ज्यांचा आहे त्या आम्ही, याच जॉर्जियात राहून, आईला वरच्या मजल्यावर बसवतो आणि गोऱ्या बायकांच्या जेवणाचं निमंत्रण आलं की फोटो टाकतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडसारख्या खेड्याने मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद केलं. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. जे हेरवाडला जमलं ते पदव्या मिरवणाऱ्या बायकांना बेसमेंटमध्ये जमत नाही, ही शरमेची गोष्ट आहे.

मला ही जेवणं बंद पाडायची नाहीत. बायकांनी जमायलाच हवं. जमल्याशिवाय बायकांच्या हाती कधीच काही आलेलं नाही. मागणी एवढीच, की जमण्याची ताकद मान्य करा आणि तिचा हिशेब द्या. गावाच्या कामाचा निर्णय ज्या टेबलावर होतो, त्या टेबलाची यादी गावासमोर ठेवा. यादीत जे नाव नाही ते का नाही, हे यजमीणबाईला तोंडावर विचारा, चारचौघींत विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत चमचा उचलू नका. पुढचं हळदीकुंकू माझ्या घरी आहे. नर्सबाई येणार आहेत, नाशिकच्या मावशी तोवर पुन्हा इथे आल्या तर पहिलं वाण त्यांना देणार आहे. ज्यांना हे राजकारण वाटतं त्यांनी खुशाल येऊ नये. पण यायचं नसेल तर कारण उघड सांगावं. सणाची आणि सभ्यतेची सबब मी ऐकून घेणार नाही.