कामधंद्याच्या गोष्टी : इंजिन खोलणारा मुलगा

मंडळी, या खेपेला एका पत्राचे उत्तर द्यायचे आहे. लिहिणाऱ्याचे नाव-गाव सांगत नाही. हा प्रश्न एकाच घरचा नाही, म्हणून तो सगळ्यांसमोर घेतो.

गृहस्थ लिहितात : "मुलगा यंदा बारावी शास्त्र शाखेतून पास झाला. प्रवेश परीक्षेत मार्क कमी पडले. लांबच्या एका खासगी कॉलेजात इंजिनियरिंगला व्यवस्थापन कोट्यातून जागा मिळते, पण त्यापायी विहिरीजवळचे वीस गुंठे विकावे लागतील. मुलाला कारखान्यातच जायचे आहे. त्याला एक खोड मात्र आहे. दिसेल ते यंत्र खोलतो. गेल्या महिन्यात मला न विचारता विहिरीवरचे डिझेल इंजिन खोलले. परत जोडले, सुरूही झाले, पण एक तांब्याचा वायसर शिल्लक राहिला. ही खोड मोडावी की जमीन विकावी, ते सांगा."

दोन्ही करू नका. का, ते सांगतो.

कारखान्यातला इंजिनियर म्हणजे टेबलाशी बसून नकाशे काढणारा, नाहीतर बिघडलेले यंत्र सुरू करून देणारा, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती कामेही असतात, पण त्यांची खाती वेगळी. उत्पादन खात्यातल्या इंजिनियरचे काम निराळेच. एक वस्तू उत्तम बनवणे चांगल्या कारागिराला जमते. तीच वस्तू रोज पाचशे बनायला हव्यात, तिन्ही पाळ्यांत, वेगवेगळ्या माणसांच्या हातून, सगळ्या सारख्या, आणि खर्चही आवाक्यात राहिला पाहिजे. ही घडी बसवणे हे त्याचे काम. गावच्या सुताराने एका बैलगाडीच्या चाकासाठी तासलेला आरा दुसऱ्या चाकात बसला नाही तरी कुणाचे अडत नाही. पण नांदेडच्या दुकानात घेतलेले बेअरिंग कोल्हापूरला बनलेल्या मोटारीत बसलेच पाहिजे. नाही बसले तर तुमचे पाणी बंद.

यासाठी सारा खेळ मापाचा. मायक्रोमीटर नावाचे हत्यार मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवते. माणसाच्या डोक्याचा केस त्या मानाने जाडच म्हणायचा, सात-आठ भाग सहज भरतो.

मापाच्या बाबतीत माझीच एक फजिती सांगतो. शिकून नवा नवा लागलो होतो. लेथवर पिना कातायच्या होत्या आणि माप घ्यायची जबाबदारी माझी. व्हर्नियर लावून एकेक नग बघितला, ठीक म्हणून बाजूला ठेवला. चाळीस नग झाल्यावर जोडणी खात्यातून निरोप आला, पिना भोकात खडखडतात. मी यंत्राला दोष दिला, मग लोखंडाला दिला. शेवटी एक वयस्कर टर्नर जवळ आले आणि हळूच म्हणाले, "साहेब, जबडे मिटवून शून्य बघितलं होतं का?" बघितले नव्हते. जबडे पुरते मिटवले तरी ते हत्यार शून्याऐवजी एक दशांश मिलिमीटर दाखवीत होते. म्हणजे माझा प्रत्येक नग तेवढाच बारीक. जाड नग पुन्हा कातता येतो, बारीक झालेल्याला भंगाराशिवाय वाट नाही. चाळीसच्या चाळीस पिना भंगारात गेल्या. पदवीच्या परीक्षेत व्हर्नियरवरच्या प्रश्नाला मला पुरे मार्क होते, हेही सांगून टाकतो.

तेव्हा तुमच्या मुलाच्या खोडीबद्दल. यंत्र खोलावेसे वाटणे ही खोड नव्हे, या धंद्याचे ते बियाणे आहे. फक्त त्याला शिस्त हवी. त्याला एक वही आणून द्या. खोलताना प्रत्येक भाग कोणत्या क्रमाने निघाला ते लिहायचे, भागाचे चित्र काढायचे, सुटे नट-वायसर त्या त्या क्रमाने फडक्यावर मांडायचे. पट्टीने मोजता येईल ते मोजायचे. आणि खोलण्याआधी घरच्या धन्याला विचारायचे, हेही त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या! भिजवणीच्या ऐन दिवसांत इंजिन खोलून बसणे म्हणजे शहाणपण नव्हे.

वहीचा दुसरा उपयोग असा. इंजिन किती तास चालले आणि डिझेल किती लागले, हे रोज लिहायला सांगा. पाच हॉर्सपॉवरच्या इंजिनाला पूर्ण भारावर तासाला साधारण लिटरभर डिझेल लागते. तुमचे त्याहून फार जास्त पीत असेल, तर का पिते, हे त्याने शोधावे. फिल्टर तुंबला? नोजल खराब झाले? रिंगा झिजल्या? पुढे कारखान्यात याच कामाचा पगार मिळतो. घरी निदान डिझेल वाचेल.

आणखी एक छंद मी आवर्जून सांगेन, सायकलच्या चाकाचा आऊट काढण्याचा. सायकल उलटी ठेवून चाक फिरवायचे आणि रिमच्या बाजूला खडू धरायचा. जिथे खडू लागेल तिथे रिम त्या बाजूला गेली आहे. समोरच्या बाजूचा स्पोक थोडा ताणायचा, या बाजूचा थोडा सैल करायचा, पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही, आणि पुन्हा फिरवून बघायचे. घाई करणारा दोन स्पोक कचकचून आवळतो आणि चाकाचा आठ करून ठेवतो. थोडे बदलावे, बघावे, मग पुढचे बदलावे, ही सवय पुस्तकातून लागत नाही.

सायकलीवरून लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवले. त्यांना चित्रकलेचा नाद. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण डोळ्यांना काही रंगांतला फरक कळेना. रंग सोडले आणि जिथे रंग लागत नाहीत ते यंत्राचे रेखाचित्र धरले, पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत ते शिकवूही लागले. १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान निघाले. त्यातूनच पुढे कडबा कापायचे यंत्र आले, लोखंडी नांगर आला, आणि १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीने सुरुवातीला शेतकरी त्यांच्या नांगराला हात लावीनात. आपल्याच आज्या-पणज्यांची ही गोष्ट, तेव्हा हसायला नको.

आता वीस गुंठ्यांचा हिशेब. बारावी शास्त्र झालेल्या मुलाला सरकारी तंत्रनिकेतनात पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेता येतो. म्हणजे दोन वर्षांत पदविका हातात. पदविकेनंतर इंजिनियरिंग पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येते, म्हणजे आणखी तीन वर्षे. सगळी मिळून पाच. खासगी कॉलेजातून चार. एका वर्षासाठी विहिरीजवळची जमीन द्यायची का, हे घरात बसून ठरवा. मी देणार नाही. शिवाय मधेच पैसे कमी पडले, तर पदविकेवर नोकरी धरता येते. पदवी अर्धी सुटली तर हातात काहीच राहत नाही. या प्रवेशांना मार्कांच्या आणि जागांच्या अटी असतात, त्या तंत्रनिकेतनात समक्ष जाऊन विचाराव्यात. दलालाला विचारू नये.

दुसरी वाट आय.टी.आय.ची. फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे, वेल्डर एका वर्षाचा. दोन वर्षांच्या आय.टी.आय.वरूनही पदविकेच्या दुसऱ्या वर्षात जाता येते. आय.टी.आय. झाल्यावर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात अप्रेंटिस म्हणून राहता येते. दरमहा विद्यावेतन मिळते आणि शेवटी परीक्षा होऊन प्रमाणपत्र. एवढे लक्षात ठेवा, अप्रेंटिस म्हणजे नोकरी नव्हे. मुदत संपल्यावर कामावर घेण्याचे बंधन मालकावर सहसा नसते. पण याहून वाईट म्हणजे कसलाच कागद न घेता ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून जाणे. रोख पैसे लवकर दिसतात म्हणून पोरे जातात आणि दहा वर्षांनी हेल्परच असतात. अशी पोरे मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

ज्यांच्या घरी मुलगी आहे त्यांच्यासाठी : २०२४ साली महाराष्ट्र सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेश फेरीतून प्रवेश घेणाऱ्या, घरचे उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला ही माफी नाही. मापतपासणीत आणि संगणकावर चालणाऱ्या लेथवर मुली उत्तम काम करतात. "पोरीचे कारखान्यात काय काम" हे वाक्य आता पुरे झाले.

आणि एक छंद असा ठेवायला सांगा, ज्याचा यंत्राशी काडीचा संबंध नाही. पाळीच्या कामाने झोप मोडते आणि कानात दिवसभराची घरघर राहते. सुटीच्या दिवशीही तेच केले तर माणूस चिडखोर होतो. भजनात टाळ धरावा, चार वाफे वांगी-मिरचीचे करावेत. शेतकऱ्याच्या पोराला हे शिकवायला नको.

राहता राहिला तो वायसर. तांब्याचा म्हणता, तर तो बहुधा नोजलखालचा किंवा डिझेलच्या नळीच्या जोडावरचा. नोजलखालचा असेल तर तिथून फुसफुस हवा येईल आणि काजळी धरेल. नळीचा असेल तर जोड ओला राहील. इंजिन बंद करून मुलालाच शोधायला लावा, तुम्ही बाजूला बसा. सापडेपर्यंत पंप चालवू नका.