आधी कागद, मग सौदा

बॉण्डवर प्लॉट घेऊ नका आणि बॉण्डवर प्लॉट विकूही नका. एवढं एकच वाक्य छापून बाकीचं पान कोरं सोडलं तरी चाललं असतं. पण बेळगावात हे वाक्य कित्येक वर्षं बोललं जातंय आणि शहराच्या चारी बाजूंना बॉण्डवरची घरं उभी राहतच आहेत. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

बेळगाव वाढतंय हे कुणाला सांगायला नको. उद्यमबाग कधीच भरली, मग मच्छे, काकती, होनगा अशी कारखान्यांची रांग शहराबाहेर सरकत गेली. महामार्गावर हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनवणारं एसईझेड २००९ मध्ये आलं. स्मार्ट सिटीच्या २०१६ मधल्या पहिल्याच यादीत बेळगावचं नाव लागलं. खरेदी म्हणजे खडे बाजार नाहीतर गणपत गल्ली, हे समीकरणही आता राहिलेलं नाही; उपनगरांत मोठाली शोरूम आणि सुपरमार्केटं झाली. निपाणीकडं महामार्गाच्या दोन्ही अंगांना गोदामं, हॉटेलं, गाड्यांची शोरूम उभी आहेत, आणि राज्याची हद्द ओलांडली की कागलची पंचतारांकित एमआयडीसी लागते.

मी या वाढीच्या विरोधात नाही. हातचा कारखानदार एकदा घालवलेलं हे गाव आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलींचं दुकान काढलं ते बेळगावात. लोखंडी नांगरही इथंच घडवला. पुढं ती जागा नगरपालिकेला नव्या वसाहतीसाठी हवी झाली आणि त्यांना बाडबिस्तरा आवरावा लागला. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. आपल्याकडं त्यांच्या नावाचा रस्ता तेवढा राहिला. उद्योगाला जागा लागते, ती द्यावीही लागते. माझं म्हणणं एवढंच, की देताना कागद आपल्या हातात असावा आणि बोलणी एकेकट्यानं करू नयेत.

आता त्या बॉण्डकडं वळू. गावाकडची शेती, ना बिगरशेती झालेली, ना बुडाची, म्हणजे नगरविकास प्राधिकरणाची मंजुरी. एजंट तिच्यात चुन्यानं रेघा मारतो, वीस-तीसचे तुकडे पाडतो आणि शंभर रुपयांच्या मुद्रांकावर सह्या घेतो. विचारलं तर म्हणतो, ‘काका, सगळे असंच घेतात, एनए काय आज ना उद्या होणारच!’ १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणं शंभर रुपयांच्या वरची जमीन-घराची खरेदी सब-रजिस्ट्रारकडं नोंदवावीच लागते. नोंद नाही तर मालकी नाही. बँक अशा घरावर कर्ज देत नाही, ई-खाता मिळताना नाकी नऊ येतात, आणि तोच प्लॉट दुसऱ्या कुणाला विकला गेला तर आधी कुणाला विकला हे ठरवायला कोर्टात वर्षं जातात. विकणाराही सुटत नाही. उताऱ्यावर नाव त्याचंच राहतं, त्यामुळं पुढं भांडण लागलं की समन्स त्याच्याच दारात येतं, आणि तोवर प्लॉटचे पैसे मुलीच्या लग्नात खर्च झालेले असतात.

जमीन घ्यायची असेल तर आरटीसी उतारा हातात घेऊन बसा. नवव्या रकान्यात खातेदाराचं नाव असतं, अकराव्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, बाराव्यात कसणाऱ्याची आणि पिकाची नोंद. विकणारा एक आणि कसणारा भलताच असेल तर तिथंच थांबा. उतारा कन्नडमध्ये असतो. आपल्यातल्या पुष्कळांना तो वाचता येत नाही. तो वाचून घ्यायचा तर शाळेत जाणाऱ्या नातवाकडून घ्या, ओळखीच्या मास्तरांकडून घ्या, पण सौदा जमवणाऱ्या माणसाकडून घेऊ नका. उताऱ्याबरोबर किमान तीस वर्षांची ईसी, म्हणजे बोजाचा दाखला काढा. गहाणखतं, बक्षीसपत्रं, आधीची खरेदी, नोंदवलेलं सगळं तिच्यात दिसतं.

२०२० मध्ये कर्नाटकानं जमीन सुधारणा कायदा बदलला आणि शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येऊ लागली. त्यानंतर शिवारात अनोळखी गाड्या फिरू लागल्या तर नवल नाही. येळ्ळूर, शहापूर, वडगाव, अनगोळची काळी जमीन म्हणजे बेळगाव बासमतीची जमीन. भात निघालं की त्याच ओलीवर मसूर. तिचा भाव एजंट गुंठ्यावर सांगतो, आणि आपणही हल्ली शेताचा हिशेब गुंठ्यातच करायला लागलोय.

विकणं वेगळं आणि सरकारनं संपादन करणं वेगळं. संपादनात आपली फसगत होते ती मुदतीपायी. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घ्यायची तर आधी महामार्ग कायद्याच्या कलम ३-ए ची, म्हणजे थ्री-ए अधिसूचना निघते. तिचा गोषवारा दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापावा लागतो, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असावं लागतं. छापून आल्यापासून हरकत घ्यायला मिळतात २१ दिवस. त्यानंतर थ्री-डी निघाली की जमीन केंद्र सरकारची झाली. उरतो फक्त भरपाईचा वाद. औद्योगिक वसाहतीसाठी केआयएडीबी, म्हणजे कर्नाटकाचं औद्योगिक क्षेत्र विकास मंडळ, जमीन घेते तेव्हा १९६६ च्या कायद्याचं कलम २८ लागू होतं. त्यात खातेदाराला नोटीस देऊन ३० दिवसांची मुदत द्यावी लागते आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं.

सीमाभागात सरकारी नोटिसा मराठीतही मिळाव्यात ही आपली जुनी मागणी आहे. ती रास्त आहे आणि ती आपण करत राहू. पण २१ दिवस तिच्यासाठी थांबत नाहीत. म्हणून प्रत्येक गावानं एक-दोन तरुणांवर काम सोपवावं: रोजची कन्नड वर्तमानपत्रं चाळायची, पंचायतीचा फलक बघायचा आणि सर्व्हे नंबर दिसला की त्याच संध्याकाळी देवळात माणसं जमवायची. बेळगावच्या रिंगरोडच्या वेळी तालुक्यातल्या गावोगावच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन हरकती नोंदवल्या, ते याच शहाणपणातून. हलगा-मच्छे बायपासला शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि रस्त्याच्या सुरुवातीचा ‘झिरो पॉइंट’ नेमका कुठला यावर ते रेंगाळलं. ज्यांच्या सुगीचं नुकसान झालं त्यांना हे सांगायला जड जातं, पण शेतात आडवं पडून जेवढं काम थांबलं त्याहून जास्त ते त्या एका नकाशाच्या प्रश्नानं थांबलं.

आणखी एक गोष्ट आहे. ती गावात कुणाला रुचत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. खरेदीपत्रात रक्कम कमी दाखवायची आणि उरलेली रोख द्यायची, ही आपली सवय. मुद्रांकाचे थोडे पैसे वाचतात. पण २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभाव काढायची एक पद्धत बघा: जवळपासच्या तशाच जमिनींची मागच्या तीन वर्षांतली नोंदलेली खरेदीपत्रं घ्यायची, त्यातली जास्त रकमेची निम्मी निवडायची आणि त्यांची सरासरी काढायची. त्या आकड्यावर गुणक आणि शंभर टक्के दिलासा रक्कम चढते. म्हणजे गल्लीतल्या रामभाऊंसारख्या बहुतेकांनी पन्नास लाखांची जमीन दहा लाखांची दाखवली तर सरकारी हिशेबात सगळ्या शिवाराचा भाव पडतो. भरपाई कमी आली म्हणून आपण अधिकाऱ्यांना शिव्या घालतो. निम्म्या शिव्यांचे धनी आपल्याच गावात असतात.

वारसाचंही आजच उरकून टाका. आजोबा जाऊन तीस वर्षं झाली तरी उताऱ्यावर तेच मालक, असं आपल्याकडं घरोघरी आहे. लेकी चंदगडला, गडहिंग्लजला, कोल्हापुरात दिलेल्या. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये ते पुन्हा ठणकावून सांगितलं. भरपाई जाहीर झाल्यावर ‘आक्काची सही घ्यायची राहिली’ म्हणून धावपळ केली की आक्काही विचारणार, इतकी वर्षं कुठं होता? वाटणीवर वाद निघाला की अधिकारी पैसे दिवाणी न्यायालयात भरून मोकळा होतो. मग भाऊबहिणी तारखांना येताजाता एकाच बसमध्ये, एकमेकांकडं पाठ करून.

केआयएडीबीनं काही ठिकाणी पैशांऐवजी विकसित औद्योगिक जागेत वाटा देण्याची सोय केली आहे. आपल्याकडं वसाहत येणार असेल तर संमतीपत्रावर सही करण्याआधी तिची मागणी लेखी करा. रोख पैसा बुलेट आणि दुमजली घरात किती लवकर जिरतो, याची उदाहरणं प्रत्येक गावात आहेत. नावं सांगायची गरज नाही.

एकेकट्यानं बोलू नका, हे शिकायला निपाणीकरांनी बाहेर बघायचं कारण नाही. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी हजारो शेतकरी महामार्गावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात बारा शेतकरी गेले. त्याच सुमाराला वखारीत तंबाखूच्या खकाण्यात राबणाऱ्या बायका संघटित झाल्या. त्यांच्या लढ्यावर ‘युगांतर’ या स्त्रियांच्या गटानं १९८२ मध्ये ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा माहितीपट केला. एकेकटीनं मालकापुढं उभं राहून जे पदरात पडलं नसतं ते त्यांनी मिळून मागितलं. आज वखारींचे दिवस पालटलेत. नवे मालक कंत्राटदारामार्फत बोलतात, कंत्राटदार दर वर्षी बदलतो आणि बाई मात्र तीच राहते. हजेरी कोण मांडतो आणि पगार कुणाच्या खात्यातून येतो, हे तिला ठाऊक असायला हवं.

इथून नोकरीच्या कागदांकडं येऊ. मुलगा उद्यमबागेत, होनग्यात किंवा पलीकडं कागलला कामाला लागला की घरचे विचारतात, ‘पगार किती?’ त्याच्या जोडीला आणखी तीन प्रश्न विचारा: नेमणुकीचं पत्र मिळालं का, पीएफचा यूएएन नंबर कुठला, ईएसआय कापतात का? महिना २१,००० पर्यंत पगार असेल तर ईएसआयचा हक्क लागू होतो. फौंड्रीत फेटलिंगला बसणाऱ्या पोराला हे फार गरजेचं. कास्टिंगच्या कडा ग्राइंडरनं घासताना ठिणग्या आणि बारीक धूळ उडते. नाकाला रुमाल बांधून ती अडत नाही, मास्क लागतो, आणि तो मागून घ्यावा लागतो. यूएएन असला तर मोबाइलवर पासबुक दिसतं. पगारातून कापलेले पैसे तिथं भरलेले दिसत नसतील तर कंत्राटदाराला त्याच महिन्यात विचारायचं, वर्षानं नव्हे.

आणि जमेल तेवढं फेटलिंगच्या पुढं सरकायचं. बेळगावच्या फौंड्रीत आज ज्याला मागणी आहे तो व्हीएमसी मशिनवर प्रोग्रॅम लावणारा आणि मायक्रोमीटर हातात धरून ‘हा पीस चालणार नाही’ म्हणणारा. वरून गुळगुळीत दिसणारं कास्टिंग मशिनवर चढतं, ड्रिल आत जातं आणि मधोमध पोकळी निघते. आख्खी खेप परत येते. ती पोकळी वाळूतल्या ओलीनं आली की वितळलेल्या धातूतल्या वायूनं, हे सांगणाऱ्या माणसाला मालक सहजासहजी सोडत नाही. आयटीआय आहे, सरकारी टूल रूमचं जीटीटीसी बेळगावातच आहे. बारावीनंतर घरी बसलेल्या पोराला कॉलेजच्या तिसऱ्या वर्षापर्यंत रेटत नेण्यापेक्षा तिथली चौकशी आधी करा.

दुकानदारांना थोडक्यात. मॉलशी भावात टक्कर घेऊ नका. तुमचं गिऱ्हाईक खानापूर, चंदगड आणि गोव्याचं आहे. ते तुम्हाला नावानं ओळखतं आणि उधारी बुडवत नाही. धोका निराळ्या बाजूनं आहे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकाच्या वाणिज्य कर खात्यानं यूपीआयच्या रकमा बघून छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा काढल्या. ‘आपली उलाढाल ४० लाखांच्या आत, आपल्याला जीएसटी कशाला?’ म्हणणाऱ्यांची झोप उडाली. निपाणीकरांसाठी त्यात आणखी एक मेख आहे. ४० लाखांची सूट राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला. निपाणीहून टेम्पोत चार पोती भरून कागलच्या दुकानात पाठवली की ती आंतरराज्य विक्री झाली, आणि उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. एक टक्क्याच्या कंपोझिशन योजनेत असाल तर असा माल हद्दीपलीकडं पाठवताच येत नाही. गावातलं देवचंद कॉलेजसुद्धा महाराष्ट्रात, इतकी जवळची ही हद्द. पायी ओलांडताना ती जाणवत नाही, बिलावर मात्र उमटते. काउंटरवरून रोखीनं पिशवी भरून नेणाऱ्या गिऱ्हाइकाची गोष्ट वेगळी. आपण नेमके कुठल्या बाजूला आहोत ते या महिन्यात आपल्या सीएला विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.