विक्रीकर : विकणाऱ्या गावाचा की वापरणाऱ्या?

विक्रीकर दुकानदार भरतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तो भरतो गिऱ्हाईक. दुकानदार हा केवळ सरकारचा बिनपगारी वसुली कारकून असतो. विक्रेता आणि गिऱ्हाईक एकाच गावात असतात तोवर या व्यवस्थेत काही अडत नाही. दोघांमध्ये राज्याची सीमा आली, की हा कारकून नेमका कोणत्या सरकारचा, असा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेला त्याचे उत्तर शोधण्यास अर्धशतक लागले.

त्या देशात विक्रीकर हा केंद्राचा नव्हे, राज्यांचा कर आहे. पन्नासांपैकी ४५ राज्ये तो आकारतात. मिसूरी राज्यातून टपालाने माल पाठवणाऱ्या नॅशनल बेलास हेस या कंपनीने आपल्या वतीने करवसुली करावी, अशी मागणी इलिनॉय राज्याने केली. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. ज्याचे राज्यात दुकान, गोदाम वा प्रतिनिधी नाही, ज्याचा संबंध केवळ टपाल व मालवाहतूक यांपुरता आहे, त्याच्यावर वसुलीची सक्ती करता येणार नाही, असा तो निर्णय होता. १९९२ च्या क्विल खटल्यात हेच तत्त्व कायम राहिले. याचा अर्थ माल करमुक्त झाला असा मात्र नव्हता. गिऱ्हाइकाने स्वतः होऊन ‘वापर-कर’ भरावा, असे कायदा सांगतच होता. परंतु जो कर कोणी मागत नाही, तो आपण होऊन भरणारे नागरिक कोणत्याही देशात विरळाच!

टपालविक्री मर्यादित होती तोवर हे खपून गेले. इंटरनेटवरील खरेदी वाढली तशी ही पळवाट राजमार्ग झाली. गावातल्या दुकानदाराने कर लावून माल विकावा आणि शेकडो मैलांवरील विक्रेत्याने तोच माल करावाचून घरपोच द्यावा, ही स्पर्धा न्याय्य कशी म्हणावी? ज्या साऊथ डकोटा राज्यात व्यक्तींवर प्राप्तिकरच नाही, त्याची तर सारी भिस्त विक्रीकरावर. त्या राज्याने २०१६ साली कायदा करून दूरच्या विक्रेत्यांवरही वसुलीची जबाबदारी टाकली. २१ जून २०१८ रोजी, वेफेअर खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी राज्याची बाजू उचलून धरली आणि आपलेच जुने निर्णय रद्द ठरवले.

अल्पमतातील सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांचा आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नव्हता. अमेरिकेत विक्रीकर आकारणारी स्थानिक क्षेत्रे दहा हजारांहून अधिक. लहान विक्रेत्याने इतक्यांचे हिशेब कसे ठेवावेत? साऊथ डकोटाच्या कायद्यात यावर काही अंशी उतारा होता. राज्यात वर्षाला एक लाख डॉलरपेक्षा अधिक विक्री किंवा दोनशे व्यवहार, एवढी मजल गाठणाऱ्यासच तो लागू होता. व्यवहारसंख्येची अटही राज्याने २०२३ मध्ये काढून टाकली. तत्त्व कठोर, पण लहानांना मोकळीक, असा हा तोल आहे.

आपल्याकडे काय घडले? १९५६ च्या केंद्रीय विक्रीकर कायद्याखाली आंतरराज्य विक्रीवरील कर माल जेथून निघे त्या राज्याच्या पदरी पडे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराने हे उलटवले : वापरणाऱ्या राज्याचा कर त्या राज्याला. तत्त्व योग्यच आहे. परंतु लहानांना मोकळीक देताना आपला हात आखडला. कोल्हापुरात मसाले करून विकणाऱ्या स्त्रीला वार्षिक चाळीस लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत आपल्या दुकानातून राज्यात कोठेही विक्रीसाठी नोंदणी लागत नाही. तिने दूरच्या नागपूरला माल धाडावा, हरकत नाही. पण शेजारच्या बेळगावला एक पुडा पाठवला, तर नोंदणी, विवरणपत्रे आणि सल्लागाराची फी मागे लागते. ऑनलाइन पेठांतून विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना ऑक्टोबर २०२३ पासून जी सवलत मिळाली, तीही राज्याच्या सीमेशी थांबली.

करचुकवेगिरीची भीती हे याचे समर्थन असेल, तर ते लंगडे आहे. ऑनलाइन पेठ चालवणारी कंपनी विक्रेत्याला पैसे देतानाच कराचा अंश वळता करून घेते. त्यामुळे व्यवहाराची नोंद सरकारजवळ आधीच असते. तेव्हा निदान या मार्गाने होणाऱ्या आंतरराज्य विक्रीला उलाढालीची वाजवी मर्यादा घालून द्यावी. एक देश, एक बाजारपेठ ही घोषणा ज्यांच्यासाठी होती, त्यांनाच ती सीमेवर अडवत असेल, तर दोष कराचा नसून आकारणीच्या रीतीचा आहे. आणि रीत बदलणे सरकारच्या हाती आहे.